हिरवा 'धन्यवाद'

४ जून
वसतिगृहाच्या यादीत रेश्मी नाही. धडगावच्या जीपवाल्या दिलीपची मुलगी. शहाद्यात नर्सिंगला प्रवेश मिळालाय. खाट नाही तर नर्सिंगही नाही. घाटातून रोज कोण ये-जा करणार! अर्ज मीच भरला होता, माझ्या फोनवर. हिरव्या अक्षरांत 'धन्यवाद, आपला अर्ज मिळाला' आलं होतं. रेक्टर शोभा म्हणते, "मॅडम, यादीमा नाव नही शे. मी काय करू?"

५ जून
वसतिगृहाची वेबसाइट मीनलने बनवलेली, माझ्या भावाच्या मुलीने. बोलावून घेतलं. चहासुद्धा विचारला नाही.
"आत्या, बटण दाबलं की पान मागच्या मागे माहिती सर्व्हरला पाठवतं. तेव्हा सर्व्हरच बिघडला होता. त्यानं तसं कळवलंही. पानानं ऐकलंच नाही."
"मग धन्यवाद कशाबद्दल?"
"उत्तर यायच्या आधीच ते दाखवतो आम्ही. चूक पकडायची जागा आहे कोडमध्ये, पण तिथंही धन्यवादच..."
"ही अक्कल कोणाची?"
"शेठजींची."

७ जून
शेठजी म्हणजे वसतिगृह चालवणाऱ्या संस्थेचे अध्यक्ष, कापडाचे व्यापारी. माणूस वाईट नाही, हीच पंचाईत. "बाई, दारात आलेल्याला 'नाही' म्हणायचं? आणि तेही लाल अक्षरांत? माल नसला तरी आम्ही 'बसा, येतोय' म्हणतो."
मी म्हटलं, "तुमचं गिऱ्हाईक कंटाळून शेजारच्या दुकानात जातं. या पोरीला शेजारचं दुकान नाही."
हसले.
घरी येताना वाटलं, त्या 'बसा'ची मलाही सवय आहे. गोड लागतं. कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर फाटकातच 'नो' म्हणायच्या. रडू यायचं, पण काय करायचं ते तिथल्या तिथे कळायचं.

९ जून
मीनलने दुरुस्त करून आणलं. आता पान उत्तराची वाट बघतं. चूक झाल्यावर दिसणारा मजकूर मात्र भयंकर: 'काहीतरी चुकले.' काहीतरी म्हणजे काय? कोणाचं? मी लिहून दिलं: 'अर्ज पोचला नाही. बिघाड आमच्याकडे आहे. तुम्ही भरलेली माहिती इथेच आहे. पुन्हा पाठवा.'
"पण आत्या, पहिला पोचलेला असून उत्तर तेवढं वाटेत हरवलं तर? पुन्हा पाठवला की एकीच्या नावावर दोन खाटा."
म्हणून प्रत्येक अर्जाला पाठवण्याआधीच क्रमांक देणार आहे; तोच क्रमांक पुन्हा आला तर दुसरा धरायचा नाही. हुशार आहे. तोंडावर म्हटलं नाही. लाल अक्षरं ठेवायला लावली.
जाताना हळूच म्हणाली, "रेश्मीसारख्या अजून आहेत. किती अर्ज वाटेत गळाले ते दिसतं, कोणाचे ते नाही."
जेवण गेलं नाही. कुठल्या पाड्यावर कोण मुलगी त्या हिरव्या अक्षरांवर विसंबून...

११ जून
शेठजींना फोन. रेश्मीचं काय? "पाठवून द्या बाई, बघू."

१२ जून
सकाळी दिलीपचा फोन. "बाई, पोरीची पेटी भरली. सोमवारी आणू ना?"
संध्याकाळपर्यंत सांगते म्हटलं. 'बघू' मी पुढे पाठवणार नाही.
हे वसतिगृहाच्या ऑफिसात बसून लिहितेय. शेठजींनी पाणी मागवलं, मग चहा, मग पंखा वाढवला. "बाई, उन्हाचं कशाला बसता? घरी जा, कळवतो मी."
"हो की नाही, शेठजी. नाही असेल तरी चालेल. नाही चालणार, पण सांगा."
हसले नाहीत. शोभाला घेऊन आतल्या खोलीत गेलेत. दार लोटलंय. चहावर साय धरली.