आप्पांच्या तंबूची मागणी

रुडकी, एप्रिल १९९६

तीर्थरूप आप्पांना महांतेशचा शरणार्थी नमस्कार.

मी मजेत हाय. परीक्षा संपली की कॉलेजातली आम्ही चार पोरं जीप घेऊन हिमाचलच्या डोंगरात चाललोत. वाट कच्ची हाय, पण ड्रायव्हर पक्का हाय. दरडी पावसाळ्यात कोसळतात म्हणं, आम्ही तर उन्हाळ्यात चाललोत. झोपायचं तंबूत. डोक्यावर छतच न्हाई तर पडणार काय, तुम्हीच सांगा.

लातूरच्या क्लासची खोड जात न्हाई. तंबू ठोकायची मी रोज सगळ्यांची टेस्ट घ्यायलोय. दिल्लीचा पोरगा दोनदा नापास झाला. मी लई डोंगर फिरलोय, असं त्यांना वाटतं. भूकंपापासून आमचे वडील अंगणात तंबूतच झोपतात, हे मी बोललो न्हाई.

अडचण एकच. इथले तंबू लेचेपेचे हायत. तुमचा तेवढा काढून, दाजी दिल्लीला यायलेत, त्यांच्यासंगं धाडा. तोवर तुम्ही घरात झोपा. बाज दारापाशीच टाका, दार उघडं ठेवा. कंबर कशी हाय?

तुमचा,
महांतेश

ता.क. आई, पत्र तूच वाचून दाखवतीस, म्हणून सांगतो, एवढं मोठ्यानं वाचू नको. तू सांगितलंस तसंच लिहिलंय. तंबू मी डोंगरात नक्की हरवून येतो.