ताईचा हिरवा ठिपका

३ जून, सोमवार
साहेबांनी मीटिंगमध्ये सायबर सुरक्षेसाठी नवीन सिस्टिम घ्यायचं काढलं. शेजारी ती विकणारा बसला होता, गळ्यात टाय. मी मीटिंगमध्ये बोलत नाही. आज बोललो. म्हटलं, आहेत ती टूल्स आपण अर्धीसुद्धा वापरत नाही, महिनाअखेरीस तेवढ्यावरच काम चालवून दाखवतो. साहेब म्हणाले, दाखवा. नाही जमलं तर टायवाल्याची सिस्टिम येणार आणि माझ्या खुर्चीवर त्याची माणसं.
बघतोच.
वाक्य खरं तर ताईचं. माझी सख्खी मोठी बहीण, इथेच खरेदी विभागात होती. नवीन काही मागितलं की म्हणायची, बारक्या, आधी घेतलेलं वापर, मग माझ्याकडे ये. मार्चमध्ये गेली.
तिचं लॉगिन खातं अजून बंद केलेलं नाही. यात भावनेचा प्रश्न नाही. चाचणीला एक खातं लागतंच.

४ जून
ताईच्या खात्यातून लॉगिन केलं. ऑफिसच्या चॅटमध्ये तिच्या नावापुढे हिरवा ठिपका आला. चाचणी यशस्वी. रोज सकाळी करावी लागेल.

७ जून
अलार्म टूलची सगळी मेल एका फोल्डरमध्ये जाते. तो कोणी उघडत नाही. कोणी म्हणजे मी. आज उघडला. संगणक बंद पडला. टूल किती मेहनती आहे, हे यातून सिद्ध होतं.

११ जून
रिसेप्शनवाली पांढरी पडून आली. म्हणाली, अहो, ताई ऑनलाइन दिसतात हो. सर्व्हरचा दोष आहे म्हणालो. ती म्हणाली, मग दुरुस्त करा की, मी मघाशी सवयीने गुड मॉर्निंग पाठवून बसले. बघतो म्हणालो.
ठिपका सर्वांना दिसतो हे लक्षात आलं. चाचणी चालूच राहील. लोकांच्या घाबरटपणामुळे कामं थांबवता येत नाहीत.

१४ जून
पासवर्डचा नियम चालू केला. हे बटण टूलमध्ये पहिल्यापासून होतं. सोपे शब्द बंद. घरातली लाडाची नावं मीच टाइप करून घातली: सोन्या, पिंट्या, छकुली. बारक्यासुद्धा. सुरुवात स्वतःपासून करावी.
दुपारपर्यंत पासवर्ड बदलताना साहेबच सिस्टिमबाहेर अडकले. शेजारचा नेटवर्कवाला म्हणाला, बाबा रे, चोर आत येवोत न येवोत, आपली माणसं मात्र तू बाहेर काढलीस. नियम म्हणजे नियम.
ताईचा पासवर्ड 'बारक्या'च आहे. जुने चालतात, नवीन ठेवताना अडतात. मी तिला कितीदा रागावलो होतो, कोणीही ओळखेल म्हणून. ती म्हणायची, ओळखू दे की, तुला बारक्या म्हणणारं दुसरं आहे कोण?

२० जून
बायको म्हणाली, बंद करा ना ते खातं, ताईंना आता तरी ऑफिसातून सोडा. तिला तांत्रिक बाजू समजत नाही.

२४ जून
मोठं काम झालं. आता नोकरीत नसलेल्यांची माहिती अलार्म टूलला जोडली; चालू दाखवायच्या दिवशीच करायचं. जो ऑफिसात नाही, त्याच्या खात्यातून कोणी लॉगिन केलेलं दिसलं की खातं बंद आणि भोंगा. टायवाल्याने सगळ्यांसमोर खोचकपणे विचारलं, सवलत कोणाकोणाला दिलीत? मी म्हटलं, कोणालाही नाही. साहेबांनी मान डोलावली.
ताईचं खातं चाचणीचं आहे. ते माणसांत धरायचं नाही, एवढं टूललाही कळेल.

२८ जून
आज दाखवायचा दिवस. सकाळी नेहमीची चाचणी केली. मग साहेब, सगळे विभागप्रमुख आणि टायवाला, मोठ्या पडद्यासमोर. टूल चालू केलं.
लगेच भोंगा. पडद्यावर एकच लाल ओळ. ताईचं नाव, त्यापुढे माझा संगणक.
टायवाल्याने टाय सैल केला. साहेब म्हणाले, टूल उत्तम चालतं, नवीन काही घ्यायला नको. सगळे गेल्यावर हळूच म्हणाले, ते खातं तेवढं तुम्हीच कायमचं काढून टाका.
जिंकलो. टायवाला गेला. खुर्ची राहिली.

१ जुलै
ताईचं खातं काढलं. चॅटमध्ये नाव शोधलं, सापडत नाही. सगळं नियमाप्रमाणे.
मग माझ्याच पासवर्डची मुदत संपली. काही सुचेना, 'बारक्या' टाकला. टूल म्हणालं, हा शब्द कोणीही ओळखेल.
पुन्हा टाकला. तेच.
आता कोण ओळखणार आहे, हे विचारायची सोय टूलमध्ये नाही. दुसरा ठेवला.