माणसांची दहा वाक्यं

३ जून

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

तुझा इंग्रजीचा धडा पाहिला आणि पत्र लिहिणं भाग पडलं. ‘विच’ची वाक्यं बिनचूक: पंखा जो कुरकुरतो, नळ जो गळतो, खिडकी जी उघडत नाही. ‘हू’साठी मात्र दहा वेगवेगळी माणसं मागितली होती, आणि दहाही ठिकाणी तुझा नवरा! लग्नाला वर्ष होत आलं, आता पुरे की कौतुक. दूधवाला, शेजारीण, कोपऱ्यावरचा शिंपी, कुणीच सुचलं नाही? ‘हू’ की ‘हूम’ हा घोळ मागाहून निस्तरू. आधी माणसं आण. नोकरीची परीक्षा तोंडावर आहे.

लोभ आहेच, धाकासकट.
मावशी

१० जून

ती. मावशीस,
शिरसाष्टांग नमस्कार.

रागावू नकोस गं. दूध हेच आणतात. शेजारणीची बादली भिंतीपलीकडून ऐकू येते, चेहरा पाहिलेला नाही. हे जाताना बाहेरून कुलूप लावतात. परीक्षेचं काढलं तर हसून म्हणाले, की तुला जायचंय कुठे? चष्मा त्यांनी कपाटात ठेवलाय, म्हणून अक्षर असं वाकडं. धडे तेच वाचून टपालात टाकायचे. हे पत्र दाराखालून सरकवतेय. शेजारणीने उचललं तर मिळेल. आईला कळवू नकोस.

तुझ्या रागाचीही आठवण येते.
ठमी

१७ जून

ती. मावशींना,
सा. न. वि. वि.

ठमीचा अभ्यास मी बंद केला आहे. तिला झेपत नाही. काहीबाही लिहीत बसते. शेजारच्या बाईंनाही समज दिली आहे. यापुढे जे लिहायचं ते मला लिहावं. ती मजेत आहे. आपला लोभ राहावा, असं तीही म्हणते.

आपला,
जावई

२१ जून

प्रिय ताई,
नमस्कार.

ठमीचं आणि जावयाचं पत्र एकदमच हाती पडलं, तशी निघाले. पोलीस शिपाई सोबत नेला, कुलूप उघडायला लावलं. जावई गोड बोलला, चहाही विचारला. ठमी भिंतीला धरून उभी होती. चल म्हटलं, तर आधी त्याच्याकडे पाहिलं तिने. मी दंड धरून बाहेर काढली. जिन्यावर तो मागून म्हणाला, की येईल ती परत, आपणहून येईल. तेव्हा पोरीची पावलं थांबली, ताई. मला ओढावं लागलं.

या पत्रापाठोपाठ पोचतो. तिला काही विचारू नकोस. दार उघडं ठेव.

जावयाकडून ताब्यात घेतलं: चष्मा, पदवीचं प्रमाणपत्र, लग्नात मी दिलेल्या चपला. चपलांचे तळवे कोरे आहेत.

तुझी धाकटी