टाकीत न आलेलं पाणी

१ डिसेंबर
टाकी मेली! डेअरीच्या मालकांनी, विश्वजितसाहेबांनी, सुट्टीचे दोन दिवस टाकीत हवा सोडणारा ब्लोअर बंद ठेवला – वीज वाचवायला. डेअरीचं आंबट, तुपकट सांडपाणी मी सांभाळते त्या टाकीत येतं. ते खाऊन स्वच्छ करणारे जिवाणू हवेवाचून गुदमरले. गेल्या आठवड्यात मायक्रोस्कोपखाली देठावर डोलणारे घंटेसारखे जीव दिसत होते. आज काहीच हलत नाही. कुजका वास सगळ्या आवारात.
साहेब म्हणाले, "जिवाणूच ना मॅडम? दुसरे आणा."
दुसरे आणा!

२ डिसेंबर
रडले. टाकीतल्या मेल्या गाळासाठी. कुणाला सांगू?

६ डिसेंबर
कोरेगावच्या एका कारखान्यातून टँकरभर जिवंत, जिवाणूंनी भरलेला गाळ आणला. खराब पाणी बेतानंच सोडतेय – आजाऱ्याला पेज भरवावी तसं. ब्लोअरच्या खोलीला माझं कुलूप!

२७ डिसेंबर
जगले! घंटेसारखा एक जीव आखडला, पुन्हा ताठ झाला. वरचं पाणी नितळ; तेच ओढ्यात सोडतो.
साहेब पाहुण्यांना घेऊन आले. "ही आमची सिस्टीम." माझी ओळखसुद्धा करून दिली नाही.

५ जानेवारी
खालच्या वस्तीवरच्या साळूबाई फाटकाशी येऊन भांडल्या. "आवं मॅडम, पानी चांगलं झालं म्हनता, मग आमची म्हस ओढ्याला तोंड का लावंना?"
त्यांच्याबरोबर ओढ्यावर गेले. करंजाच्या झुडपामागं पाइपाचं तोंड. त्यातून पांढरं, आंबूस पाणी धो-धो. डेअरीचंच!
म्हणजे टाकीत येतं ते लोकांना दाखवण्यापुरतं. बाकी सगळं इथं. आणि मी वेडी, मायक्रोस्कोपखाली घंटेसारखे जीव मोजत बसलेय.

६ जानेवारी
साहेबांना विचारलं. हसले. "पाइप कुणी पुरला, ते घरी विचारा."
नवरा जेवायला बसला होता. अवधूत जेसीबीची कामं घेतो; कुठं काय खणतो, मी कधी विचारत नाही. आज विचारलं.
"उन्हाळ्यात पुरला," खाली बघूनच म्हणाला.
"पाणी कसलं, ते विचारलं नाहीस?"
"इचारलं असतं तर काम दुसऱ्याला गेलं असतं."
रोज त्या टाकीचा वास अंगावर घेऊन मी याच घरात येते. याला पाइप माहीत होता!

८ जानेवारी
एका घरात राहतो. जेवतो वेगवेगळे.

१० जानेवारी
मीच प्रदूषण मंडळाकडे तक्रार दिली, स्वतःच्या नावानं. उद्या त्यांचे अधिकारी तपासणीला येणार आहेत. अवधूतला सांगितलं – माझी नोकरी जाईल, तुझंही नाव येईल.
त्यानं खुंटीवरची जेसीबीची किल्ली काढली. मग म्हणाला, "कुठून कुठवर पुरलाय ते मलाच ठावं हाय. सकाळी जेसीबी घेऊन येतो. त्यांच्यासमोर उकरून दावतो."