नावगाव बदलून

६ जुलै, शनिवार

वस्तीतल्या वर्गाला आज अकरा पोरं. "राग आला की अंगात कुठे जाणवतो?" विचारलं. एक जण म्हणाला, "सर, पोटात." खोदून विचारलं तर त्याला भूक लागली होती! शास्त्रात रस नऊ. आमच्याकडे दोनच – भूक आणि कंटाळा. बारा-तेरा वर्षांच्या मुलांना मन सांभाळायला शिकवायचं, तर आपलं स्वतःचं खुंटीला टांगून जावं लागतं. शाळेत आठवडाभर संस्कृत, शनिवारी हे. थकलो.

मुलगी नदीपलीकडे मैत्रिणीकडे अभ्यासाला गेली होती, संध्याकाळी आली. "कसा गेला दिवस?" "ठीक." म्हटलं, "अगं, इतकं सविस्तर नको, कान दुखतील." आत निघून गेली. तिची आई आणि मी वेगळे झाल्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून घरात बोलणारा मी एकटाच.

९ जुलै, मंगळवार

वर्ग घेणाऱ्यांची बैठक, वाचनालयाच्या माडीवर. पंखा आमच्यासारखाच – फिरतो, वारा नाही. आमचा नियम असा की कुठल्याही मुलाबद्दल बोलायचं ते नावगाव बदलून. मुलीचा मुलगा करा, आईची मावशी करा, पण ओळख पटता कामा नये.

नदीपलीकडचा वर्ग घेणाऱ्या नर्सबाईंनी एक मुलगा मांडला. आजोबांकडे राहतो. आजोबा प्रेमळ, पण पोरानं तोंड उघडलं रे उघडलं की यांचा विनोद तयार! पोरानं बोलणंच सोडलंय. मी म्हटलं, "म्हातारा वाईट नाही हो, घाबरट आहे. पोरगा काय सांगेल त्याची धास्ती, म्हणून आधीच हसवून मोकळा होतो."

"तुम्हाला कसं कळलं, सर?"

"नाटकातले विदूषक शिकवण्यात हयात गेली, बाई!"

सगळे हसले. नर्सबाई सोडून.

१३ जुलै, शनिवार

पोरांना डोळे मिटून संथ श्वास घ्यायला लावलं आणि माझाच डोळा लागला. कुणी उठवलं नाही. शिकवलेला संयम अखेर कुठेतरी उपयोगी पडला म्हणायचा.

१६ जुलै, मंगळवार

पुन्हा तोच मुलगा. त्याला आजोबांना सोडून दुसरीकडे राहायला जायचंय. सांगायचा धीर होत नाही – आजोबा एकटे पडतील म्हणून. नर्सबाईंनी थेट मलाच विचारलं, "काय सांगू त्याला?"

दिवसभराच्या तासांनी घसा बसलेला, तरी मी तावातावानं बोललो. "सांगू दे की! म्हातारा रडेल, रडू दे. पोरानं काय त्याच्या एकटेपणाची राखण करत बसायचं? बोलण्याआधी त्याचा हात धर म्हणावं, घट्ट. विनोद करून टाळी मागायची तर हात मोकळा लागतो."

"नक्की ना, सर?"

"अहो, नक्की!"

त्यांनी लिहून घेतलं नाही. माझ्याकडे बघितलंही नाही, पिशवी आवरत राहिल्या. मला जरा रागच आला. पोटात.

१८ जुलै, गुरुवार

मुलगी दोनदा माझ्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. "मला बघायचं तिकीट काढलंय का?" म्हटलं. गेली. उत्तरपत्रिकांचा ढीग तसाच आहे. झोप येते, लागत नाही.

२० जुलै, शनिवार

भांडी घासत होतो. मुलगी शेजारी आली आणि साबणानं माखलेला माझा हात तिनं दोन्ही हातांनी धरला. घट्ट.

"बाबा, मला आईकडे राहायला जायचंय." मग खाली बघत, "तिकडच्या वर्गातल्या नर्सबाई म्हणाल्या, आधी हात धर."

"केव्हापासून वाटतंय?" एवढंच निघालं तोंडातून. ती सांगत राहिली. नळ वाहत होता. बंद करायला हात मोकळा नव्हता.