शिंपीणबाईंचे मशीन सोडवून आणल्याचा वृत्तान्त

चि. वकिलीणबाई हिस (हे नाव तुला तुझ्या मावशीने तू बोलायला लागलीस त्याच सुमारास दिले आणि तू ते आजवर सार्थ करीत आली आहेस) काकांचे अनेक आशीर्वाद.

तुझा ताप उतरला असल्यास आनंद आहे. उतरला नसल्यास हे पत्र पडून वाचावे, कारण ते लांबणार आहे. माझी प्रकृती उत्तम आहे. भूक लागते, झोपही येते. मात्र दोन्ही आपापल्या वेळा पाळीत नाहीत. घरात बोलायला कोणी नसल्यामुळे माझी भाषा दिवसेंदिवस अधिकच शुद्ध होत चालली आहे, असे दूधवाल्याचे मत पडले. (त्याचे नेमके शब्द, ‘काका, भाषण नको, दूध किती ते सांगा,’ असे होते.)

तू राजीनामा देऊन, महिला सल्ला केंद्राची किल्ली माझ्या हातात ठेवून आईकडे निघून गेलीस, त्याचे कारण मी विसरलेलो नाही. जिच्यासाठी तू महिनोन्‌महिने खपलीस, जिला नवऱ्याच्या मारातून बाहेर काढलेस, ती शिंपीणबाई आपणहून त्याच घरी परत गेली. आणि वर गल्लीतल्या बायकांनी तुलाच ‘घरं मोडणारी’ ठरवले. ‘काका, माझ्याने आता होणार नाही,’ असे तू म्हणालीस. त्यावर तुला उपदेश करण्याचा माझा बेत होता, आणि पदवीधर माणसाला उपदेश सुचण्यास विलंब लागत नाही. परंतु मध्येच एक प्रकार घडला.

मी किल्ली परत करण्यास केंद्रात गेलो. अध्यक्षीणबाईंचा फोन आला की त्यांना यायला उशीर होईल; तोवर मी दार उघडून बसावे, कोणी आल्यास पाणी द्यावे, आणि (हे त्यांनी दोनदा बजावले) सल्ला मुळीच देऊ नये. तुला ठाऊकच आहे की तुझ्या मावशीने तेथील टेबल भिंतीला लावून टाकले होते. टेबल मध्ये आले की समोरचे माणूस अर्जदार होऊन बसते, असे तिचे म्हणणे. त्यामुळे खोलीत समोरासमोर दोनच खुर्च्या. खिडकीजवळची आधी तिची, मग तुझी. त्या खुर्चीत माझ्याने बसवले नाही. कारण लिहीत नाही. मी दाराजवळच्या, म्हणजे गाऱ्हाणे घेऊन येणाऱ्याच्या, खुर्चीत बसलो.

थोड्याच वेळात एक बाई धापा टाकीत आत आल्या. त्यांनी मला न्याहाळले, रिकामी खुर्ची पाहिली, तीत बसल्या आणि सहानुभूतीने विचारले, “बोला काका, काय झालं? सुनेनं काढलं का घराबाहेर?” मला सून नाही, असे मी सांगितले. “मग मुलानं?” मुलगाही नाही, असे मी नम्रपणे कळवले. “अगंबाई, मग बायकोनं?” ह्या प्रश्नाला होकारार्थी वा नकारार्थी, कोणतेच उत्तर मला देता येईना. तुझी मावशी वारल्यापासून जे मी सख्ख्या भावाजवळही बोललो नव्हतो, ते सारे मी त्या अनोळखी बाईंजवळ, क्रियापदांची पर्वा न करता, बोलून गेलो. जे पाणी मी द्यायचे, ते त्यांनी मला दिले. मग म्हणाल्या, “आधी तोंड धुवा. आज काहीच ठरवायचं नाही. आणि हे बघा, तुमचं काही चुकलेलं नाही.”

हे त्या कोठे शिकल्या, असे मी विचारले. “इथंच की! बाई असंच बोलायच्या माझ्याशी. कुठायत त्या? माझ्यावर रागावल्यात का?”

त्या तुझ्या शिंपीणबाई होत्या, वकिलीणबाई. त्याच सकाळी नवऱ्याने पुन्हा हात उचलला, आणि ह्या वेळी त्या कोणी सांगण्याची वाट न पाहता स्वतःच्या पायांनी बाहेर पडल्या होत्या. फक्त शिलाई मशीन घरात राहिले होते, आणि मशीनवाचून पोट भरणार नव्हते.

मी तत्काळ अध्यक्षीणबाईंना फोन केला. हवालदारीणबाईंना घेऊन येते, तोवर शिंपीणबाईंच्या गल्लीच्या कोपऱ्यावर थांबा, असे त्या म्हणाल्या. मी थांबलो. शिंपीणबाई थांबल्या नाहीत, सबब मलाही धावावे लागले. घराच्या दारातच नवरा उभा. “तू कोण रे?” मी म्हणालो, “महोदय, मी कोणत्याही कचेरीचा अधिकारी नाही.” तो एक पाऊल मागे सरला. गैरसमज नको म्हणून मी अधिक स्पष्ट केले की माझ्यापाशी कसलाही हुकूम नाही व मला कोणी पाठवलेले नाही. तो आणखी मागे सरला. आतून सासूबाई ओरडल्या, “अरे मुडद्या, साध्या कपड्यातला मोठा साहेब दिसतोय! दे ते मशीन!” (मी सत्याखेरीज एक अक्षर बोललो नाही, ह्याची नोंद घ्यावी.) हवालदारीणबाई पोचल्या तेव्हा आम्ही मशीनसह रस्त्यावर होतो आणि माझी बाही चाकात अडकली होती. मशीन केंद्रात मांडल्यावर त्यावर पहिली शिवली गेली ती माझी बाही. जिना चढवताना ज्या शेजारणीने हात लावला, ती तुला नावे ठेवणाऱ्यांपैकीच एक होती. तोंड वाकडे होते. हात मात्र भक्कम होते.

आता उपदेश. ती परत गेली म्हणून तू हरलीस, हा हिशेब चूक आहे. तुझ्या मावशीकडे आलेल्या बायकाही परत जात आणि पुन्हा येत. ‘का गेलीस?’ असे तिने कोणालाही विचारल्याचे मला आठवत नाही; ‘चहा घेणार ना?’ एवढेच विचारी. तुझे काम बायकांना धरून ठेवण्याचे नाही, दार उघडे ठेवण्याचे आहे. कोणाच्याही घरी एकटीने जाऊ नकोस. (कोपऱ्यावर थांबायला सांगितले तर थांबावे.) वेळेवर जेव. परक्याचे दुःख घरी नेलेस तर निदान रात्री ते दाराबाहेर ठेव. आणि एखादे प्रकरण बिघडले म्हणून स्वतःला बाद करू नकोस. ह्या कामात बिघडलेलीच प्रकरणे येतात, सुरळीत चाललेली घरीच राहतात. तेव्हा राजीनामा मागे घे, आणि बरी झालीस की कामावर रुजू हो.

तुझाच,
काका

ता. क. वरील सर्व मी निव्वळ तुझ्या हितासाठी लिहिले, असे तुला वाटेल. ते पूर्णतः खरे नाही. मला केंद्रात रोज येऊ देण्यास अध्यक्षीणबाई राजी आहेत. परंतु ‘ह्यांच्यावर लक्ष ठेवायला कोणी शिकलेली कार्यकर्ती हवी,’ अशी त्यांची अट आहे. तू आली नाहीस तर मला दिवसभर घरी बसावे लागेल. ते मला जमत नाही, वकिलीणबाई. मी पुष्कळ प्रयत्न केला.

आणखी ता. क. मी हे केंद्रातच बसून लिहीत आहे. शिंपीणबाई मशीन थांबवून म्हणतात, “बाईंना लिहा, मी परत गेले ते चुकलं असं काही मी म्हणणार नाही. पण रागवायचं असेल तर इथं येऊन रागवा म्हणावं. तिकडे आईच्या घरी बसून कुणाला ऐकू जाणार?”