क्रूझ कंट्रोल आणि मागे उभं राहणारं माणूस

२ ऑगस्ट, मुलुंड
गाडीचं क्रूझ कंट्रोल बंद. बटण दाबतो, ढिम्म. मेकॅनिक कुंडलिक म्हणाला, काका, राहू द्या ना, मुंबईत कोण वापरतं. अरे, मला गणपतीला लेकीला, गार्गीला, घेऊन कणकवलीला जायचंय! मागच्या वर्षी ती म्हणाली, तुझा गुडघा दुखतो, एवढं ड्रायव्हिंग नको. क्रूझ लागलं की गाडी आपोआप एका वेगाने पळते, पायाला आराम. मग नाही म्हणायला कारणच उरत नाही. स्वतः दुरुस्त करणार. रविवारपर्यंत फत्ते.

५ ऑगस्ट
वायरींची जोडणी तपासायला मल्टिमीटर आणला. बटण दाबलं की बीप वाजायला हवा. एकही वाजला नाही. स्टिअरिंगवरची सगळी बटणं मेलेली. काय माल विकतात हल्ली! नवीन मागवली.

९ ऑगस्ट
नवी बटणंही मेलेली. दुकानदाराला फोनवर झापलं. मग वैतागून मीटरच्या दोन्ही वायरी एकमेकींना टेकवल्या. तरी बीप नाही. मीटरचाच सेल संपलेला. मला शंका होतीच.

१० ऑगस्ट
सेल बदलला. बटणं ठणठणीत. जुनीसुद्धा. म्हणजे ब्रेकचा स्विच गेला असणार, तो बिघडला की क्रूझ लागत नाही. तपासणं सोपं. ब्रेक दाबायचा, मागची लाइट लागते का बघायचं. मागे फक्त एक माणूस लागतं. शेजारच्या नंदकुमारला विचारणार होतो, तो घाईत दिसला. बायको असती तर उभी राहिली असती. कटकट करत, पण राहिली असती. असो. आपलं कुणावाचून अडत नाही.

११ ऑगस्ट
ब्रेकवर झाडू टेकवून मागे धावलो. पोचेपर्यंत झाडू पडला. पुन्हा धावलो. गुडघा सुजला.

१४ ऑगस्ट
अंदाजाने स्विचच बदलला. आता लाइट बघायची. झकास आयडिया सुचली: फोन गाडीमागच्या कठड्यावर उभा केला, स्पीकर मोठा, काच खाली आणि गार्गीला व्हिडिओ कॉल. ऑफिसात होती, तरी उचलला. ब्रेक दाबला. लागली म्हणाली. सोडला. गेली म्हणाली. पुन्हा दाबला. खात्री केलेली बरी. किती महिन्यांत इतकं बोललो नव्हतो आम्ही. मजा वाटली.

मग ओरडूनच कणकवलीचं काढलं. ती म्हणाली, गणपतीला आम्ही सासरी, देवव्रतच्या घरी बडोद्याला जातोय, तिकिटं झालीत, तुला जूनमध्येच सांगितलं होतं ना. सांगितलं होतं. मला वाटलं, तोवर बदलेल. फार वाईट वाटलं. तसाच बसून राहिलो.

"बाबा, लाइट लागलेलीच आहे," ती म्हणाली. "पाय काढ आता."